नव्या लॅपटॉपवर लिनक्स: खोकं उघडण्यापासून वर्षभराच्या देखभालीपर्यंत

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. खालच्या मजल्यावरची मुलगी खंडवा रोडच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसमध्ये शिकते. एका रविवारी सकाळी ती नवाकोरा लॅपटॉप छातीशी धरून वर आली. माझ्या हातात पोह्यांची बशी, त्यावर जिरावण भुरभुरायचं बाकी. "काका, लिनक्स टाकलं, पण वायफाय नाही. चालत नाही असं नाही हो, चिन्हच नाही!"

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, आणि ती वेगवेगळ्या नावांनी मिळते. तिने टाकलेलं ज्या पेन ड्राइव्हवरून आलं, तो भावाचा होता. त्याने त्यात कधीतरी डेबियन १२ हा लिनक्सचा प्रकार भरून ठेवला होता. तो आला जून २०२३ मध्ये, आणि त्यातलं कर्नल, म्हणजे यंत्राच्या सुट्या भागांशी बोलणारा लिनक्सचा गाभा, ६.१, डिसेंबर २०२२ चं. लॅपटॉपात वायफायचं कार्ड होतं रिअलटेकचं आरटीएल ८८५२बीई, आणि ते चालवणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ पासून. एका आकड्याने हुकलं. पोरीचं काही चुकलं नव्हतं, कार्डही धडधाकट होतं. पटावर नाव नव्हतं, एवढंच.

लिनक्स म्हटलं की लोकांना जुनी मशीनं आठवतात. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले तेव्हाही "जुन्या डब्यावर लिनक्स टाका" हाच सल्ला सगळीकडे फिरत होता, आणि तो बरोबरच होता. आठ वर्षं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स डोळे मिटून बसतं, कारण त्याचा प्रत्येक सुटा भाग कर्नलला तोंडपाठ असतो. त्रास होतो तो नव्या मशीनवर. तेव्हा नव्या माणसाने एकच गोष्ट धरून ठेवावी: कर्नल यंत्राहून तरुण हवं. पुढचा निम्मा लेख त्याचाच विस्तार आहे.

आधी वय बघा

लॅपटॉपात विंडोज असेल तर ती पुसायच्या आधी तिच्याचकडून माहिती काढून घ्या. स्टार्ट बटणावर उजवं क्लिक, मग 'डिव्हाइस मॅनेजर'. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडून वायफाय कार्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या, आकड्यांसकट. 'डिस्प्ले अडॅप्टर्स'मधून ग्राफिक्सचं नाव, आणि सेटिंग्जच्या 'अबाउट'मधून प्रोसेसरचं. मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल, पण मी वहीत लिहितो. फोटो चार हजार फोटोंत हरवतो, वही कपाटात सापडते.

आता प्रोसेसर कोणत्या वर्षी बाजारात आला ते शोधा आणि त्यानंतरच्या कर्नलचं लिनक्स घ्या. नव्या माणसाला मी 'लिनक्स मिंट' या प्रकाराची सिनॅमन आवृत्ती देतो. दिसायला ओळखीची, आणि देखभालीची जवळजवळ सगळी कामं माउसने होतात. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. पण एकाच मालिकेतही फरक असतो. जुलै २०२४ च्या मिंट २२ मध्ये कर्नल ६.८ होतं, सप्टेंबर २०२५ च्या २२.२ मध्ये ६.१४. मीडियाटेकचं वायफाय-७ चं एमटी ७९२५ कार्ड ६.७ पासून ओळखलं जातं, म्हणजे दोन्हींत चालेल. पण २०२५ मध्ये निघालेल्या प्रोसेसरला ६.८ घालणं म्हणजे वाढत्या मुलाला मागच्या वर्षीचा गणवेश. तेव्हा आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, नेहमी मिंटच्या स्वतःच्या साइटवरून ताजी उतरवा. मित्राच्या पेन ड्राइव्हमधली नको, आणि 'सगळी सॉफ्टवेअर घालून देतो' म्हणणाऱ्या दुकानातली तर नकोच.

मशीन अगदीच कालपरवाचं असेल तर फेडोरा हे लिनक्स बघा. ते दर सहा महिन्यांनी नवं येतं, कर्नलही ताजं ठेवतं, मात्र एका आवृत्तीची साथ साधारण तेरा महिनेच. म्हणजे वर्षातून एकदा मोठं अपग्रेड करायची तयारी हवी. ज्यांना डेबियनच आवडतं त्यांनी निदान १३ घ्यावं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत ६.१२ आहे.

आणि ज्यांचं सगळं टॅलीवर आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनवर चालतं, त्यांनी मशीनवर विंडोज ठेवूनच पुढचं वाचावं. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. रिटर्न भरायच्या शेवटच्या रात्री प्रयोग करायचे नसतात.

खोकं उघडल्यावर आठवडाभर थांबा

लोकांना घाई असते, पण पहिला आठवडा दुकानातून आलं तसंच मशीन वापरा. स्क्रीनवर मेलेला ठिपका आहे का, दोन्ही स्पीकर वाजतात का, चार्जर तापतो का, बिजागरी कुरकुरते का, हे सगळं आधीच कळलं तर बदलून मागता येतं. लिनक्स टाकल्यावर तक्रार घेऊन गेलात की काउंटरवरचा माणूस आधी त्याच्याकडेच बोट दाखवणार.

लॅपटॉपबरोबर ऑफिस मिळालं असेल तर विंडोजमध्येच ते आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चालू करून घ्या. न वापरता डिस्क पुसली तर पैसे दिलेली गोष्ट सोडवताना जीव जातो. विंडोजच्या लायसन्सची मात्र काळजी नको. कंपनीकडून विंडोज घालून आलेल्या मशीनची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, उद्या पुन्हा तीच विंडोज टाकली तर आपोआप ॲक्टिव्हेट होते. 'डॉस लॅपटॉप' म्हणून स्वस्तात मिळतात ते याला अपवाद. त्यांत फ्रीडॉस ही नावापुरती सिस्टिम असते, विंडोजची की वगैरे काही नसते. लिनक्सच टाकायचं ठरलेलं असेल तर तोच सौदा शहाणपणाचा.

बायोस, म्हणजे मशीन उठताना सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, त्याचे अपडेटही विंडोज असतानाच उरका. नव्या मॉडेलचे पहिल्या काही महिन्यांतले बायोस अपडेट महत्त्वाचे असतात, झोपेतून न उठणं, पंखा सतत घुमणं अशी दुखणी त्यातच बरी होतात. चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना, आणि पावसाळ्यात असाल तर ढग बघून. आमच्याकडे जुलैत लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण डेस्कटॉपचा बायोस यूपीएसशिवाय करू नका.

अठ्ठेचाळीस आकडे

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक वेळा डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. होम आवृत्तीत त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात, प्रोमध्ये 'बिटलॉकर'. एरवी कळतही नाही. पण बायोसमध्ये एखादी सेटिंग हलवली की विंडोज उठतच नाही. निळा स्क्रीन येतो आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. हा प्रसंग माझ्यावर रात्री साडेअकराला आला, बायकोच्या मशीनवर. तिला सकाळी परीक्षेचे पेपर पाठवायचे होते. की तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात होती, खात्याचा पासवर्ड तिच्या ब्राउझरमध्ये होता, आणि ब्राउझर त्या कुलूपबंद डिस्कमध्ये. शेवटी तिच्या फोनवरून पासवर्ड बदलून की मिळवली. मी एकेक गट मोठ्याने वाचत होतो, ती टाइप करत होती, आणि मध्ये एक अवाक्षर बोलत नव्हती. त्या शांततेपेक्षा ओरडा परवडला असता.

म्हणून क्रम असा. आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन की बघा आणि वहीत उतरवून घ्या. मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', ते बंद करा. उलगडायला वेळ लागतो, पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नका. त्यानंतर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. ती राहिली तर विंडोज खरी बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि लिनक्समधून तिच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. शेवटी 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, सी ड्राइव्हवर उजवं क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम'. मिंटला किमान २० जीबी लागतात, १०० जीबी द्या असं मिंटवाले स्वतःच सांगतात. तेवढी मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' म्हणून तशीच सोडा. तिथे नवा ड्राइव्ह वगैरे बनवायचा नाही.

आणि सगळ्याच्या आधी, डेटा असेल तर दुसऱ्या डिस्कवर कॉपी. हे मी वेगळं सांगत नाही, ओरडून सांगतो.

पेन ड्राइव्ह

८ जीबीचा पुरतो, मिंटची आयएसओ ३ जीबीच्या आतबाहेर आहे. त्यातलं सगळं पुसलं जाणार, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.

आयएसओ उतरली की ती पूर्ण आणि अस्सल आहे का ते तपासा. मिंटच्या साइटवर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसाच, दिलेला असतो, ६४ अक्षरांचा. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून 'सीआरसी एसएचए'मधून तोच आकडा काढता येतो. पहिली आणि शेवटची आठ अक्षरं जुळवून लोक सोडून देतात, मीही देतो. कापलं गेलेलं डाउनलोड तेवढ्यानेही पकडलं जातं. सगळी अक्षरं जुळवलीत तर उत्तमच. उबुंटूचं इन्स्टॉलेशन ७० टक्क्यांवर अडकलं म्हणून माझ्याकडे आलेल्या एका मशीनचं कारण एवढंच होतं की फाइल अर्धवट उतरलेली.

आयएसओ पेन ड्राइव्हवर लिहिण्यासाठी रूफस किंवा बलेना एचर हा प्रोग्राम वापरा. नुसती कॉपी-पेस्ट करून पेन ड्राइव्ह बूट होत नाही.

बायोसमध्ये काय हलवायचं, काय नाही

पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू करताना बूट मेन्यूचं बटण दाबत राहायचं. डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरलाही एफ१२, पण ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. एसरच्या बायोसला एफ२.

सेक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलीच सिस्टिम उठू देणारी बायोसची सोय, बंद करा असं जुने लेख छातीठोक सांगतात. गरज नाही. मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन सगळे ते चालू ठेवून बसतात. काही नव्या बिझनेस लॅपटॉपवर मात्र पेन ड्राइव्ह नाकारला जातो, कारण तिथे फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सहीवर भरवसा ठेवलेला असतो. बायोसच्या सिक्युरिटी पानावर 'अलाव मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी यूईएफआय सीए' असा पर्याय शोधा आणि चालू करा. सेक्युअर बूट मग तसंच ठेवता येतं.

दुसरी अडचण इंटेलच्या मशीनवर येते: इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये स्टोरेजची पद्धत 'रेड' किंवा 'आरएसटी' असते, ती 'एएचसीआय' करावी लागते. विंडोज ठेवायची असेल तर हे थेट बदलू नका, विंडोज उठणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल, मग एकदा सेफ मोडमध्ये उठू द्यायचं, की ती नवा ड्रायव्हर स्वतः घेते. विंडोज पुसणारच असाल तर निवांत बदला.

पेन ड्राइव्हवरची परीक्षा

मिंट पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण चालतं, डिस्कला हात न लावता. नवे लोक दोन मिनिटं बघतात आणि 'इन्स्टॉल'वर क्लिक करतात. माझ्याकडे आलात तर अर्धा तास मी हात लावू देत नाही.

वायफाय जोडा आणि एक व्हिडिओ लावा. आवाज स्पीकरमधून येतो का, मग इअरफोनमधून. माइकने रेकॉर्ड करून ऐका, नव्या लॅपटॉपांत माइक हे सर्वांत लबाड प्रकरण आहे. कॅमेरा. ब्लूटूथवर फोन दिसतो का. ब्राइटनेसच्या बटणांनी उजेड खरोखर कमीजास्त होतो का, की स्क्रीनवर नुसती पट्टी हलते? टचपॅडवर दोन बोटांनी सरकवा. एचडीएमआयने टीव्ही लावा. मग झाकण बंद करा, पाच मिनिटं थांबा, उघडा. उठला, वायफाय पुन्हा जोडलं गेलं, तर नव्वद टक्के लढाई जिंकली.

झोपेबद्दल आणखी एक. आताच्या बऱ्याच लॅपटॉपांतून जुनी गाढ झोप काढून टाकली आहे, ते फोनसारखे डुलक्या घेतात. त्यामुळे रात्रभर झाकण बंद ठेवलं की बॅटरी उतरते. इन्स्टॉल झाल्यावर एकदा रात्री टक्केवारी लिहून ठेवा आणि सकाळी बघा. दहा टक्क्यांहून जास्त गेली तर बॅगेत टाकताना सरळ बंद करायची सवय लावा. तापलेला लॅपटॉप बॅगेत शिजवण्यापेक्षा ते बरं.

पेन ड्राइव्हवरून उठतानाच स्क्रीन काळा पडला तर पहिल्या मेन्यूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर हे बऱ्याचदा लागतं.

आणि वायफाय नसेल तर? त्या रविवारी मी तेच केलं जे अजूनही करतो. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडला आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमधून 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं. दोन सेकंदांत कोपऱ्यात तारेच्या नेटवर्कचं चिन्ह उगवलं. "हे इतकं सोपं होतं?" इति पोरगी. सोपं होतं, पण केबल डेटाची हवी. जेल रोडवर ढिगाने मिळतात त्यांतल्या काही फक्त चार्ज करतात. तिच्याकडची तशीच निघाली, माझ्या ड्रॉवरमधली चालली. मग डेबियन १२ बाजूला ठेवून त्याच नेटवर ताजी मिंट उतरवली. नव्या पेन ड्राइव्हवरून उठल्यावर वायफायचं चिन्ह आपणहून आलं. पोहे तोवर गार झाले होते.

इन्स्टॉल

परीक्षा पास झाली असेल तर हा भाग वीस मिनिटांचा. डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' उघडा. भाषा इंग्रजी ठेवा असं मी सांगतो, आणि यावर मराठी मंडळींकडून बोलणीही खातो. पण चूक झाली की जो संदेश येतो तो इंग्रजीत असेल तर त्याचं उत्तर शोधता येतं. मराठी आपण नंतर नीट बसवू.

'मल्टिमीडिया कोडेक्स'वर खूण करा. सेक्युअर बूट चालू असेल तर तिथेच एक पासवर्ड मागतील. तो वहीत लिहा. पुढच्या वेळी मशीन उठताना एक निळा स्क्रीन येईल, 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट'. घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबू नका. 'एनरोल एमओके' निवडा आणि तोच पासवर्ड द्या. नाहीतर एनव्हिडियाचा ड्रायव्हर नंतर चालणार नाही, आणि का नाही ते कळणारही नाही.

विंडोज पुसायची असेल तर 'इरेज डिस्क'. ठेवायची असेल तर मी 'समथिंग एल्स' घेतो, कारण त्यात काय चाललंय ते दिसतं. मोकळी जागा निवडा, अधिकचं चिन्ह दाबा, प्रकार 'ईएक्सटी ४', माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरपी रेघ. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन नको, इन्स्टॉलर स्वॅपची फाइल करतो. यादीत ईएफआयचं एक छोटं पार्टिशन दिसेल. त्याला फॉरमॅटची खूण चुकूनही लावू नका, विंडोजचा दरवाजा तिथे आहे. मग पुढे जायच्या आधी कोणकोणती पार्टिशनं बदलणार याची यादी दिसते, ती वाचा. खरंच वाचा.

टाइम झोनसाठी नकाशावर भारतावर क्लिक केलं की 'कोलकाता' येतं, ते बरोबर आहे. पासवर्ड असा ठेवा की रोज टाइप करता येईल.

पहिला तास

उठल्याबरोबर 'वेलकम' खिडकी येते. तिच्यातली कामं एकेक करून उरका. आधी 'टाइमशिफ्ट', सिस्टिम मागे नेता यावी म्हणून तिचे फोटो, म्हणजे स्नॅपशॉट, काढून ठेवणारा प्रोग्राम. त्यात 'आरसिंक' पद्धत निवडा, रोजचे दोन आणि आठवड्याचे दोन स्नॅपशॉट ठेवा. मग 'अपडेट मॅनेजर', मग 'ड्रायव्हर मॅनेजर'. एनव्हिडिया असेल तर तिथे 'रेकमेंडेड' लिहिलेलाच ड्रायव्हर घ्या. कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून चालवायची विंडोजची सवय इथे सोडा. पुढच्या कर्नलला तो ड्रायव्हर मोडतो आणि मशीन काळ्या स्क्रीनवर येतं.

विंडोजमध्ये परत गेलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर घड्याळाची बॅटरी गेलेली नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं, विंडोज तिलाच इंदूरची समजते. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाउ' दाबलं की तात्पुरतं जुळतं.

आता मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट्स'मध्ये मराठी इन्स्क्रिप्ट मिळतं, ज्यांची बोटं त्यावर बसली आहेत त्यांचं काम झालं. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांनी 'इनपुट मेथड' उघडून आयबस हा टाइपिंगचा प्रोग्राम घ्यावा, सोबत त्याचं एम१७एन हे पॅकेज, आणि लॉगआउट करून परत यावं. मग मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक असे पर्याय दिसतात. अक्षरं जोडाक्षरांसकट नीट दिसण्यासाठी नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट पुरे, छापायला मुक्त मला आवडतो.

एका गोष्टीवर फसगत होते. आपल्या मंडळांच्या जुन्या आमंत्रणपत्रिका श्रीलिपीत असतात, मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांचे कागद कृतिदेवमध्ये. त्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. लोक म्हणतात लिनक्सने फाइल बिघडवली. नाही बिघडवली. ते युनिकोड नाहीच, फॉन्टच्या सोंगातलं रोमन आहे. ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथून युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, एकदाच, आणि कायमचे सुटा.

वर्षभर

आठवड्यातून एकदा, चहाबरोबर, अपडेट मॅनेजर. ढालीचं चिन्ह कोपऱ्यात बसलेलंच असतं. ऐन कामाच्या वेळी अपडेट करू नका आणि लॅपटॉप चार्जरवर असू द्या. अपडेट चालू असताना बॅटरी संपली आणि पुढच्या वेळी मशीन अडखळलं, तर उठताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टिम उठवायची ते विचारणारा, मेन्यू आणा. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली 'रिकव्हरी मोड' असतो, आणि त्यात मोडकी पॅकेजेस दुरुस्त करणारी 'डीपीकेजी' ओळ. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

नव्या मशीनवर कर्नलचे अपडेट जरूर घ्या. तुमच्या लॅपटॉपच्या बारीक दुखण्यांचे इलाज त्यातच येतात, महिन्याभरापूर्वी न चालणारा माइक एका सकाळी अचानक चालू लागतो. पण जुनं कर्नल लगेच काढू नका, नेहमी दोन ठेवा. नव्याने घोळ केला तर त्याच 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून कालचं निवडायचं आणि काम चालू ठेवायचं. अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेन्यूत 'लिनक्स कर्नल्स' आहे, तिथे कोणकोणती बसली आहेत ते दिसतं. काहीच जमेना तर टाइमशिफ्टमधून परवाच्या स्नॅपशॉटवर परत जा.

टाइमशिफ्टला मात्र बॅकअप समजू नका. तो सिस्टिमचा फोटो काढतो, तुमच्या फाइलींना हात लावत नाही, आणि डिस्क मेली तर फोटोही तिच्याबरोबर. स्वतःचे कागद, फोटो, प्रोजेक्ट यांसाठी बाहेरची हार्ड डिस्क आणि मिंटचं 'बॅकअप टूल'. महिन्यातून एकदा केलंत तरी मी खूश आहे.

डीफ्रॅग, रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर असलं काही लागत नाही. एसएसडीची साफसफाई आठवड्यातून एकदा आपोआप होते. सॉफ्टवेअर 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधूनच घ्या. कुठल्या तरी व्हिडिओतली, मशीनवर सर्वाधिकार देणाऱ्या 'सुडो'ने सुरू होणारी ओळ समजल्याशिवाय टर्मिनलमध्ये चिकटवू नका, विशेषतः व्हिडिओ तुमच्या लॅपटॉपपेक्षा दहा वर्षांनी मोठा असेल तर.

विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ग्रबचा मेन्यू गायब होऊन थेट विंडोज उठू लागली, तर लिनक्स पुसलं गेलेलं नसतं. बायोसमध्ये बूटचा क्रम बघा. मिंटचं नाव तिथे 'उबुंटू' असं दिसतं. त्याला परत वर न्या. तिथे नावच नसेल तर जपून ठेवलेला मिंटचा पेन ड्राइव्ह लावा, त्यात 'बूट रिपेअर' आहे.

२२.१ वरून २२.२ असं जाणं हलकं असतं, अपडेट मॅनेजरच्या 'एडिट' मेन्यूतून होतं, बिनधास्त करा. आकडा २२ वरून पुढचा होईल तेव्हा मात्र महिनाभर थांबा, स्नॅपशॉट घ्या, बॅकअप घ्या, आणि शनिवार निवडा. नव्या आवृत्तीचा पेन ड्राइव्ह बनवून अर्ध्या तासाची तीच परीक्षा पुन्हा द्या: वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, झाकण. खालच्या मजल्यावरच्या मुलीने ही यादी आपल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे, आणि हल्ली तिच्या वर्गातली मुलं लॅपटॉप घेऊन तिच्याकडे येतात. केबल मात्र अजून माझ्या ड्रॉवरमधलीच नेते.